लाभपाचमचा भाव

"पंधरा रुपये कमी करा म्हणे! अहो, आधी पत्रा तरी बघा. टिचकी मारा, टिचकी!"

संपदाने हे बोलायला नको होतं. ती त्या दुकानातली ना मालकीण, ना नोकर. केबिन रोडवरच्या बबनमामाच्या भांड्यांच्या दुकानात ती मंगळवारी सकाळी दोन मिनिटांसाठी आली होती, मागच्या तीन महिन्यांची बिलं उसनी न्यायला. पण तो चष्मेवाला तरुण गेली दहा मिनिटं एक तीन पुडांचा डबा असा काही उलटापालटा करून बघत होता, की डबा नाही, जणू मुलगी बघायला आलाय! तिला राहवलंच नाही.

त्याने चष्म्यावरून वर पाहिलं. मग खरंच डब्यावर टिचकी मारली. टण्ण!

"आवाज तर छान आहे," तो म्हणाला. "पण आवाजाचे पंधरा रुपये जास्त होतात."

"जाड पत्र्याचा आहे. दहा वर्षं पोचा पडणार नाही."

"दहा वर्षं मी तरी ह्याच नोकरीत राहीन का, माहीत नाही... तुम्ही दुकानाच्या कोण?"

"भाची आहे माझी," बबनमामा गल्ल्यामागून कौतुकाने म्हणाला. "भांड्यांच्या कारखान्यातच कामाला आहे. तिला भाव शिकवू नका, भाऊ."

"बाप रे! म्हणजे घरचाच वकील." तो हसला. हसताना त्याच्या उजव्या गालाला बारीकशी खळी पडत होती, आणि ती आपण का बघतोय, याचा संपदाला रागच आला.

"नसेल परवडत तर प्लॅस्टिकचा घ्या," ती म्हणाली. "कंजूष माणसांना तोच बरा."

"तोच वापरतोय!" असं म्हणत त्याने डबा हळूच फळीवर ठेवला आणि घड्याळ बघत निघून गेला. संपदाने बिलं पर्समध्ये कोंबली. कालपासूनची काळजी मात्र काही खळीने विरघळणारी नव्हती.

झालं होतं असं. संपदा भाईंदर पूर्वेला धीरजलाल शेठच्या कारखान्यात बिलं करायची. खाली पॉलिशचं मशीन घरघरायचं, वर काचेच्या केबिनमध्ये कॉम्प्युटर. मागच्या उन्हाळ्यात शेठने बिलांचं सॉफ्टवेअर घेतलं आणि त्याच्यासाठीच संपदाला ठेवलं. काम सोपं होतं. पार्टीचं, म्हणजे माल घेणाऱ्या दुकानदाराचं, नाव टाकायचं, माल टाकायचा, की भाव आपोआप येतो. जानेवारीत स्टील महागलं, तेव्हा तिनेच बसून सगळे नवे भाव भरले होते. आणि काल, सोमवारी, शेठच्या हाती बबनमामाचं बिल लागलं. ताटांचा नवा भाव किलोला एकशे अडुसष्ट, आणि बिलात छापलेला एकशे एक्कावन्न! शेठने शोधायला घेतलं तर त्याच पार्टीची अशी आणखी बिलं निघाली. ऑफिसातल्या बाकीच्या कॉप्या सीएकडे गेलेल्या, म्हणून सकाळी सकाळी मामाकडे ही फेरी.

बारा वाजता शेठची हाक आली, "संपदाबेन, सॉफ्टवेअरवाळा आवी गयो!"

ती केबिनमध्ये गेली, आणि दारातच थबकली. खुर्चीवर तोच. चष्मा तोच. खळी तीच.

"अरे! तुम्ही?" तो उठूनच उभा राहिला. इतका आनंद झाला होता त्याला, की जिभेवर ताबाच राहिला नाही. "शेठ, ह्यांना मी ओळखतो. केबिन रोडला बबनमामांचं दुकान आहे ना, त्यांच्या ह्या भाची!"

शेठचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

"कोण बबन? आपली पार्टी? एकशे एक्कावन्नवाळा?"

संपदाच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"आईचा चुलतभाऊ आहे, शेठ."

"आठ महिना झाला, बेन. कधी बोलली नाय."

"कधी कोणी विचारलं नाही. आणि मामा म्हणून त्याला वेगळा भाव द्यायचा नव्हता, म्हणून सांगायची गरज वाटली नाही."

शेठ वाईट माणूस नव्हते. पण व्यापारी होते, आणि व्यापाऱ्याला एकदा शंका आली की ती लवकर जात नाही. त्यांनी कौस्तुभकडे बोट केलं. त्याचं नाव कौस्तुभ, हे तिला असं त्या आरोपाच्या मधोमध कळलं. "ए कौस्तुभभाईने कालच फोनवर सांगितला. सॉफ्टवेअर चुकत नाय. ऑपरेटर मिस्टेक."

कौस्तुभचा चेहरा पडला. एका वाक्याने काल आणि एका वाक्याने आज, आपण या मुलीचं काय करून ठेवलंय, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

"शनिवार," शेठ म्हणाले. "शनिवारपर्यंत भाव सरळ झाला, कारण समजला, तर ठीक. नाय तर मशीन बंद. काशीनाथभाई पहिल्यासारखा हाताने बिल लिहील. आणि तू घरी आराम कर, बेन."

कोपऱ्यातल्या टेबलावर काशीनाथकाका मान खाली घालून बसले होते. बावीस वर्षं शेठची बिलं त्यांनीच लिहिली होती. टिचकी मारून पत्रा ओळखायला संपदाला त्यांनीच शिकवलेलं. ते चुकचुकले, "पोर तशी नाही हो, मालक." पण ते इतक्या हळू, की मालकांना ऐकूच गेलं नाही.

कौस्तुभने तिला जिन्यात गाठलं.

"ऐका ना... मला खरंच माहीत नव्हतं. मला माफ—"

"माफी नकोय मला." ती गर्रकन वळली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात नव्हतं. "नोकरी काय, दुसरी मिळेल. पण मामाच्या दुकानाला चोरून भाव देणारी, असं नाव घेऊन ह्या जिन्यावरून मी उतरणार नाही. तुम्ही काल न बघता बोललात, आज बघून बोललात. आता बोलणं पुरे. चूक शोधायची. मी, तुम्ही आणि ते मशीन. शनिवारपर्यंत."

"...चहा तरी घेऊ दे?"

"मशीनसमोर घ्या."

आणि तसंच झालं. बुधवारी सकाळी नऊच्या ठोक्याला कौस्तुभ हजर. गळ्यात ऑफिसची बॅग, बॅगेत सॉफ्टवेअरच्या सीड्या आणि प्लॅस्टिकचा डबा.

त्याने आधी भावाची यादी तपासली. बरोबर. मग पार्ट्यांचे गट बघितले. मोठ्या दुकानदारांचा भाव एक, किरकोळवाल्यांचा दुसरा. बबनमामा योग्य गटात होता. कौस्तुभने ताटांचा भाव पुसून पुन्हा भरला, बबनमामाचं बिल उघडलं... एकशे एक्कावन्न! भूतच जणू.

"एक एक बिल यादीशी ताडून बघू," संपदा म्हणाली. "मी यादीतून वाचते, तुम्ही बिलावर टिक करा."

"उलट करू. तुमचा आवाज शेठना ऐकू गेला तर भांडताय असं वाटेल."

"मी भांडतच आहे."

"माझ्याशी?"

"तुमच्याशी नाही हो... चुकीशी." आणि तिला हसू आलं, दोन दिवसांत पहिल्यांदा.

मग त्याने वाचायचं, तिने टिक करायचं. "ताट, एकशे अडुसष्ट." टिक. "वाटी, एकशे ब्याऐंशी." टिक. ओळ चुकू नये म्हणून कागदावर पट्टी धरलेली. पट्टी कधी तो खाली सरकवायचा, कधी ती, आणि कधी दोघं एकदमच... बोटाला बोट लागलं की वाचणारा अडखळायचा. "एकशे... अं... कुठे होतो आपण?"

"ब्याऐंशीवर," ती कागदातून मान वर न काढता सांगायची. कानांच्या पाळ्या मात्र पुन्हा तापायच्या, आणि ह्या वेळी रागाने नाही.

दुपारी त्याने बॅग उघडली, तर आमटी सगळी सीड्यांवर.

"आई रोज ओरडते. प्लॅस्टिकच्या डब्यात पातळ नेऊ नकोस, स्टीलचा घे," तो ओशाळून म्हणाला. "काल घ्यायला गेलोही होतो. पण तिथे एक बाई भेटली... भारी कडक."

"पंधरा रुपयांसाठी आमटी सांडली ना?" संपदाने आपल्या डब्यातली अर्धी भाकरी आणि कुळथाचं पिठलं झाकणात काढून त्याच्यापुढे सरकवलं. "खा. उपाशी माणसाच्या हातून चुका होतात."

तो जेवला, आणि बोटं चाटून जेवला. सिल्व्हर पार्कला राहतो, वडिलांनी गिरगावातली खोली विकून तिथे घर घेतलं, आई अजून मीरा रोडच्या भाजीला नावं ठेवते, हे सगळं त्याने जेवता जेवता सांगून टाकलं. ती नवघर रोडला राहते, गाव रत्नागिरीकडे, दिवाळीला आठ दिवस तिथेच असते, हे तिने सांगितलं. काशीनाथकाका कोपऱ्यातून बघत होते आणि मिशीतल्या मिशीत हसत होते.

संध्याकाळपर्यंत एक गोष्ट हाती लागली. चुकीचा भाव एकट्या बबनमामाला लागत नव्हता. सात पार्ट्या होत्या.

"सात!" कौस्तुभने टेबलावर थाप मारली. "बाकीचे सहा तुमचे काका, मामा, आत्या कुणी?"

"एकही नाही. त्यातले चार तर मारवाडी आहेत."

"मग चला, शेठना सांगू!"

"थांबा." तिने त्याला हातानेच अडवलं. "अर्धवट सांगितलं तर शेठ म्हणतील, एकाला लपवायला सहा जोडले. कारण हातात आलं की मगच सांगायचं."

गुरुवारी तर आणखी गंमत. एकाच पार्टीचं एकच बिल, त्यात ताट चुकीचं आणि पातेलं बरोबर! कौस्तुभने डोक्याला हात लावला आणि आपल्या ऑफिसला फोन केला. फोन ठेवला तेव्हा तो तिच्याकडे बघायचं टाळत होता.

"साहेब म्हणतायत, वेळ घालवू नकोस. सगळं पुसून सॉफ्टवेअर नव्याने टाक. दोन तासांत भाव सरळ होतील."

"नाही."

"अहो, पण भाव तर—"

"पुसलंत तर चूकही पुसली जाईल! मग मी शेठना काय दाखवू? सरळ झालेले भाव? ते म्हणतील, बघा, माणूस येऊन बसला तशी हिने हात आवरला." तिने त्याच्या हातातली सीडी काढून घेतली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. चेन ओढली. "जायचं असेल तर जा. मी एकटी शोधीन."

कौस्तुभ क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात काय होतं, ते संपदाला तेव्हा नीट कळलं नाही. म्हणजे कळलं, पण कळून घ्यायचं नव्हतं, कारण कामाची वेळ होती. मग त्याने मोबाइल काढला.

"हॅलो, साहेब? हां... नाही, नाही पुसत. कारण सापडल्याशिवाय मी इथून हलणार नाही. लावा रजा. दोन दिवस." फोन बंद करून त्याने पट्टी उचलली. "कुठे होतो आपण?"

तिने नुसता कागद त्याच्यापुढे सरकवला. पण त्या दिवशी पट्टी सरकवताना बोटाला बोट लागलं, तेव्हा तिने हात लगेच मागे घेतला नाही... एवढं खरं.

शुक्रवारी दुपारी टिक केलेले सगळे कागद तिने टेबलावर पसरले आणि फक्त चुकलेले आकडे एका वहीत उतरवायला घेतले. एकशे एक्कावन्न. एकशे एकाहत्तर. एकशे एकतीस. दोनशे एक. पुन्हा एकशे एक्कावन्न. लिहिता लिहिता तिचं पेन थांबलं.

"कौस्तुभ..." तिने नावाने हाक मारली, आणि दोघांनाही ते लक्षात आलं. "हे बघा. सगळे आकडे एकावर संपतायत."

"योगायोग?"

"एकवीस ओळींचा योगायोग? आहेराच्या पाकिटात घालतात ना, एकशे एक, एक्कावन्न... तसे आहेत हे. हे चुकून पडलेले भाव नाहीत. कुणीतरी शुभ म्हणून दिलेले आहेत." ती कोपऱ्याकडे वळली. "काका, शेठ एकावर संपणारा भाव कधी देतात हो?"

काशीनाथकाकांनी चष्मा काढला. "लाभपाचमला. दिवाळीनंतर गुजराती लोकांचं दुकान उघडतं त्या दिवशी. आपल्या जुन्या सात पार्ट्या सकाळी येतात, पहिला माल उचलतात. त्यांना मालक मुहूर्ताचा भाव देतात. तेवढ्या दिवसापुरता, आणि जो माल त्या दिवशी उचलतील तेवढ्यालाच. तू तेव्हा गावाला होतीस ना, म्हणून यंदा मीच मशीनवर..."

काका बोलता बोलता थांबले. त्यांचा चेहरा उतरला. संपदाचाही.

कौस्तुभने मात्र कपाळावर हात मारून घेतला होता. "खास भाव! एखाद्या पार्टीला यादीपेक्षा वेगळा भाव द्यायचा असेल तर एक वेगळा पडदा आहे सॉफ्टवेअरमध्ये. तो फक्त मालकाच्या पासवर्डने उघडतो. तुमच्या पासवर्डला दिसतच नाही, आणि मी तीन दिवस तुमच्या पासवर्डने शोधत बसलोय, गाढवासारखा! तिथे खास भाव भरलेला असला की सॉफ्टवेअर यादी बघतच नाही. संपदा, हे तुम्ही करूच शकत नव्हता. तुम्ही सुटलात!"

सुटली खरी. पण तिला आनंद काही होईना. समोर काका बसले होते, हातातला चष्मा उगाचच पुसत.

"काकांना असं पुढे करून मी नाही सुटणार," ती कौस्तुभला जिन्यात म्हणाली. "बावीस वर्षं झालीत त्यांना इथे."

"पण सांगायला तर लागेलच."

"लागेल. मी खोटं बोलणार नाही आणि गप्पही बसणार नाही. पण आधी त्यांना विचारीन."

तिला विचारावं लागलंच नाही. काका मागून जिन्यात आले होते. "पोरी," ते म्हणाले, "मंगळवारी तुझी बाजू मी जरा मोठ्याने घ्यायला हवी होती. उद्या घेतो."

शनिवारी सकाळी शेठ मशीनसमोर येऊन बसले. पासवर्ड टाकायच्या आधी त्यांनी तिघांनाही भिंतीकडे तोंड करून उभं केलं. एका बोटाने टकटक करत टाकला, मग म्हणाले, "हां, आता बघा."

पडदा उघडला. सात पार्ट्या, एकवीस ओळी. 'पासून' ह्या रकान्यात लाभपाचमची तारीख. त्याच्या शेजारी 'पर्यंत'चा रकाना, वरपासून खालपर्यंत रिकामा.

"ही रिकामी जागा म्हणजे कायमचा भाव," कौस्तुभने सांगितलं. "नोव्हेंबरापासून हाच भाव लागतोय. तेव्हा यादीच्या भावात आणि ह्याच्यात दोन-तीन रुपयांचाच फरक होता, म्हणून कुणाला कळलं नाही. जानेवारीत यादी वर गेली, हा भाव तिथेच राहिला. आणि शेठ, हा पडदा संपदांना उघडता येत नाही. सोमवारी मी फोनवर जे बोललो ते न बघता बोललो. चूक माझी. जागा रिकामी सोडली तर काय होतं, हेही शिकवताना मी सांगितलं नव्हतं."

"अने हा भाव भरला कोणी?"

"मी, मालक," काशीनाथकाका पुढे झाले. ह्या वेळी आवाज खणखणीत होता. "तुम्हीच पासवर्ड टाकून दिला होतात. मशीनने विचारलं, कुठपर्यंत. मी म्हटलं, लाभपाचमच्या दिवशी, देवाला फूल वाहून झाल्यावर, जुन्या पार्टीच्या नावापुढे शेवटाची तारीख मी कशी लिहू? माझा हातच धजेना. वहीत लिहायचो तेव्हाही कधी लिहिली नाही. पोरीला बोल लावू नका. तिच्यासारखी सरळ पोर तुम्हाला मिळायची नाही."

शेठने त्या रिकाम्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"बराबर छे," शेठ पुटपुटले. "मारा बापाने पण कधी लिहिला नाय. शुभ दिवसे शेवट कोण लिहिते?" मग ते खुर्चीतून उठले आणि संपदासमोर हात जोडून उभे राहिले. "बेन, मी चुकला. तुझा मामाला सांग, माल एक नंबर आहे, भाव एकशे अडुसष्ट, अने भाची पण एक नंबर."

आता मात्र संपदाच्या डोळ्यांतलं पाणी बांध फोडून आलं. तिने ते ओढणीने पुसलं आणि मशीनसमोर बसली. एकवीस ओळींना 'पर्यंत'ची तारीख तिनेच भरली, लाभपाचमचीच. काका तेवढ्या वेळापुरते खाली चहाला गेले. म्हणाले, मला ते बघवायचं नाही. मग तिने बबनमामाचं नवं बिल काढलं. प्रिंटर करकरला. ताट, एकशे अडुसष्ट.

झालं. काम संपलं. कौस्तुभने बॅगेतून तक्रारीचा कागद काढला आणि तो टेबलावर उगाचच सरळ करत राहिला.

"इथे तुमची सही लागते. 'तक्रार मिटली' म्हणून." तो घुटमळला. "पण घाई नाही. म्हणजे... सही झाली की कॉल बंद होतो. मग मला इकडे पाठवत नाहीत. सोमवारी एकदा येऊन बघून गेलो असतो, सगळं नीट चालतंय का..."

संपदाने पेन उचललं आणि झोकात सही ठोकली. खाली तारीखसुद्धा घातली.

त्याचं तोंड एवढंसं झालं.

"काम झालं की सही करायची," ती कागद परत देत म्हणाली. "आणि ज्याला यायचंय त्याने तक्रारीची वाट कशाला बघायची हो?"

एवढं बोलून ती पळालीच. खाली, पॉलिशच्या मशीनपाशी. तिथे काय काम होतं, ते तिचं तिलाच ठाऊक!

रविवारी सकाळी अकराला बबनमामाचा फोन आला. "जरा दुकानात ये. एक गिऱ्हाईक हटूनच बसलंय."

तिला कळलं नसेल कसं? तरी जाताना तिने अबोली रंगाचा ड्रेस घातला, आणि आईने "दुकानात जायला एवढं?" असं विचारल्यावर उत्तरही दिलं नाही.

केबिन रोडवर रविवारची झुंबड. दुकानात मात्र तो एकटाच उभा, आणि मामा भांड्यावर नाव घालायचं मशीन हातात घेऊन बसलेला. टर्रर्र... टर्रर्र... करत शेवटचं अक्षर उमटलं. मामाने फडक्याने झाकण पुसलं आणि तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "तीस वर्षं भांड्यांवर नावं घालतोय. सप्रेम भेट, दिनांक अमुक. पण असली तारीख कुणी घालायला सांगितली नव्हती बुवा!" मग तो पाठ फिरवून, स्वच्छ असलेले हंडे पुन्हा पुसायला लागला.

डबा तोच. तीन पुडांचा. कौस्तुभने तो दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. झाकणावर कोरलं होतं:

संपदास,
कौस्तुभकडून.
७-२-२००६ पासून

"मंगळवार," तो म्हणाला. खळी आज दिसत नव्हती, इतका घाबरला होता. "त्या दिवशी तुम्ही मला कंजूष म्हणालात. मला वाटलं, राग आलाय. पण गुरुवारी सीडी काढून घेतलीत तेव्हा कळलं की राग नव्हता तो, खरेपणा होता... संपदा, मला तुम्ही आवडता. खूप. काल सही केलीत तेव्हा मनात एकच आलं. सोमवारपासून कुणाला वाचून दाखवू मी भाव?"

संपदा झाकणावरून बोट फिरवत राहिली. अक्षरं अजून कोमट होती.

"पुढची जागा रिकामी ठेवलीये," ती हळूच म्हणाली.

"शुभ काम आहे. काकांना विचारलंय मी. ते म्हणाले, लिहायची नाही."

"काकांना विचारलंस?" ती दचकलीच. "म्हणजे मला विचारायच्या आधी काकांना माहीत?"

"शेठनाही. ते म्हणाले, पोरगी एक नंबर छे, भाव करू नको."

तिला हसू आवरेना. हसता हसता तिने पुन्हा तो जुना, कडक चेहरा करायचा प्रयत्न केला आणि हात पुढे केला. "बिल दाखव."

"काय?"

"डब्याचं बिल. मामाने तुला काही कमी केलं असेल तर मी हात लावणार नाही. ह्या दुकानाच्या भावावरून चार दिवस माझं रक्त आटलंय."

कौस्तुभने खिशातून घडी घातलेलं बिल काढलं. तिने ते उलगडून वाचलं. पूर्ण भाव. पंधरा रुपये कमी नाहीत, एक रुपयाही नाही. आणि नाव घालायचे दहा वेगळे.

"मी दहा सोडत होतो," हंड्याआडून मामाचा आवाज आला. "घेईचना!"

संपदाने बिल नीट घडी करून पर्समध्ये ठेवलं. तिथे अजून ती सीडी होती. ती तिने काढून त्याच्या हातात दिली, आणि डबा मात्र छातीशी धरला.

"डबा माझा झाला," ती म्हणाली. "पण उद्या दुपारी तुला प्लॅस्टिकमधून जेवताना मला बघवायचं नाही. उद्या ह्यातून आणते. कुळथाचं पिठलं, भाकरी, आणि वरच्या पुडात काहीतरी गोड."

"उद्या? पण मला तर तिकडे कॉलच नाही..."

"तक्रारीची वाट बघायची नाही, हे परत सांगू?"

"नको, नको! येतो. साडेबाराला." मग त्याला एकदम आठवलं. "आणि डबा? घासून परत देऊ?"

"घासून दे. पण आमच्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. आईला सांग तुझ्या."

"मग ती भरून देईल. मग पुन्हा तू भरून आणशील?"

"आणावाच लागेल ना," संपदा म्हणाली, आणि दुकानाची पायरी उतरताना तिने मागे न बघताच हात मागे केला. तो त्याने धरला.